रहाटावरची न्याहारी

विहिरींचं पाणी तळाला गेलं की या दोघा भावांचे दिवस येत. बाकीचे लोक आभाळाकडे बघून कपाळाला हात लावत, तेव्हा हे दोघे रहाटाची लाकडं खांद्यावर टाकून कामाला निघत. कुणाच्या विहिरीत गाळ साचलेला, कुणाची बाजू ढासळलेली, कुणाचा झरा बुजलेला. धाकटा फळीवर बसून खाली उतरायचा आणि खोऱ्यानं गाळ ओढून बादलीत भरायचा. थोरला वर रहाटाचा दांडा फिरवून ती बादली ओढून घ्यायचा. दोघांच्या बायका तो गाळ पाट्यांत भरून लांब नेऊन टाकायच्या. काम संपलं की त्याच दोराला पुन्हा फळी अडकायची आणि थोरला भावाला उजेडात आणायचा.

थोरल्याला सगळे खांब म्हणत. रहाटापाशी उभा राहिला की हलायचा नाही, म्हणून खांब. नाव पडलं ते चेष्टेत, पण त्याला ते आवडायचं आणि आवडतं हे तो लपवायचाही नाही. रहाटाला दोन बाजूंना दोन दांडे होते. दुसऱ्या दांड्याला माणूस लागतो हे तो कधीच विसरून गेला होता. कुणी मदतीला पुढं झालं तर म्हणायचा, "बाजूला हो, जरा वारा येऊ दे."

बापानं कामाचे फार नियम घालून दिले नव्हते. एक मात्र तो मरेपर्यंत घोकत राहिला. खाली माणूस असताना वरच्यानं तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. एक हात तोंडाकडं गेला की दोरावर एकच उरतो, असं त्याचं साधं गणित होतं. भावांनी तो नियम इतका पाळला की विहिरीचे मालक तो इतरांना कौतुकानं सांगायचे. धाकटा वर आला, हातपाय धुतले, की मग चौघं मिळून न्याहारी सोडायची.

त्या वर्षी काम सुरू झालं आणि खांबाच्या तळहाताला दोर लागून साल निघाली. असं दरवर्षी व्हायचं. चार दिवसांत खपली धरायची, तिच्यावर घट्टा चढायचा. यंदा खपली धरेना. जखम ओलीच राहिली आणि कडेनं पिवळी पडली. शिवाय तहान अशी की माठ पुरेना, आणि कमरेचा पट्टा आत आत सरकत चालला. साखरेच्या गोळ्या त्याला आधीपासून होत्या. आठवण झाली की घ्यायचा, आणि आठवण फारशी व्हायची नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तळहात बघितला, रक्ताचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "गोळ्यांनी आता भागायचं नाही. इन्सुलिन सुरू करू. काम काय करता?"

"मजुरी," खांब म्हणाला.

रहाट म्हणाला नाही. दोराला माझा भाऊ लटकलेला असतो, हेही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बाईंनी पुढं काहीतरी विचारलं असतं, आणि ते त्याला नको होतं.

सुई कशी टोचायची ते सिस्टरनं त्याच्या बायकोसमोर दाखवलं. पोटाची कातडी चिमटीत धरायला लावली. एवढा मोठा गडी, शर्ट वर करून उघड्या पोटानं दोन बायकांसमोर बसला होता. त्याला वाटलं, जमीन दुभंगून आत जागा दिली तर बरं होईल.

"सुई घेतली की अर्ध्या तासात पोटभर खायचं," सिस्टर म्हणाली. "काही झालं तरी खायचं. आणि खिशात साखर ठेवा. हात थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, की हातातलं काम टाकून ती आधी तोंडात टाकायची."

"साखर?" खांब म्हणाला. "अहो, साखर झाली म्हणून तर ही सुई."

"तीच तर गंमत आहे," सिस्टर म्हणाली आणि तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येताना बायको म्हणाली, "धाकट्या भाऊजींना सांगायला हवं."

"सांगून काय होईल?" खांब म्हणाला. "आजारी माणसाच्या हातात दोर कोण देईल? ती धाकटी आपल्या नवऱ्याला खाली उतरू देईल? दोर हातात नसला तर मग मी काय करू, गाळाच्या पाट्या वाहू?"

 पाट्या बायको स्वतः इतकी वर्षं वाहत होती, पण ते काही ती बोलली नाही.

औषधाची बाटली थंड ठेवायची होती. घरात फ्रिज नव्हता. माठाखाली ओली वाळू होती, तिच्यात झाकणाचा डबा पुरून बायकोनं बाटली ठेवली. सकाळी खांब कोठीच्या खोलीत धान्याच्या पोत्यांमागं जाऊन शर्ट दातांत धरायचा. बायको दारात उभी राहायची. धाकटी जाऊ त्या बाजूला आली की तिला खोकला यायचा. एका घरात, एका चुलीवर जेवणारी माणसं, आणि नवरा-बायको चोरासारखी. ती धाकटी एकदा म्हणालीसुद्धा, "ताई, खोकला फार दिवस झाला, दाखवून घ्या."

आता खांबाचा स्वभाव असा, की दवाखान्याचं ऐकून तो गप्प बसेल तर शपथ. गावात न्हावी होता. हजामत करता करता तो सगळ्यांचे आजार ऐकून घ्यायचा, म्हणून त्याला वाटायचं की आपल्याला ते कळतातही. खांबानं त्याला विचारलं, पण स्वतःचं म्हणून नाही. "आमच्या एका पाहुण्यांना इन्सुलिन सांगितलंय. कसं असतं ते?"

न्हाव्याचा वस्तरा गालावरच थांबला. "पाहुण्यांना म्हणावं, विचार करा. ते एकदा लागलं की सुटत नाही. माझ्या साडूनं सुरू केलं आणि वर्षात पाय कापला."

बायकोच्या मामानं सांगितलं, कडू पाला उकळून प्या आणि सुई उकिरड्यावर फेका. औषधाच्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी बघून भुवया उंचावल्या आणि म्हणाला, "डोस जरा जास्तच वाटतोय." का जास्त वाटतोय ते त्यानं सांगितलं नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, भात हेच सगळ्याचं मूळ. बायकोनं ते मनावर घेतलं आणि खांबाच्या ताटातला भात निम्म्यावर आणला. वाढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण डाव काही ती भरून घ्यायची नाही.

खांबानं यातून आपली वाट काढली. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकायचं, म्हणजे कुणाचाच शब्द मोडायला नको. डॉक्टरीणबाईंचं ऐकून तो सुई पूर्ण घ्यायचा, आणि बाकीच्यांचं ऐकून जेवायचा निम्मं. त्याला हा मोठा शहाणपणा वाटला. मध्येच अंग कापायचं, कान गरम व्हायचे. तो म्हणायचा, उन्हाचं आहे. न्हावी दर खेपेला विचारायचा, "पाहुणे कसे आहेत?"

"बरे आहेत," खांब म्हणायचा.

फळबागवाल्याची विहीर जुनी, रुंद आणि खोल होती. त्या दिवशी सकाळी सुई घेतली आणि तेवढ्यात धाकटीनं अंगणातून हाक मारली. फळबागवाल्याची गाडी आली होती. खांब अर्धा पेला दूध पिऊन निघाला. न्याहारीचा डबा बायकोनं बरोबर घेतला. विहिरीवर पोचल्या पोचल्या खाऊन घेऊ, असा त्याचा हिशेब होता.

पण फळबागवाला आधीच काठावर उभा होता. झाडं वाळत होती आणि त्याचा धीर सुटला होता. "आधी उतरा, मग बाकीचं," तो म्हणाला. धाकटा मुळातच कामाला वाघ. त्यानं रहाट उभा केला, फळी अडकवली आणि खांबानं डब्याकडे हात नेण्याआधीच तो खाली पाय सोडून बसला.

"चल दादा, सोड."

खांबानं सोडलं. दोर सरसर खाली गेला. डबा रहाटाच्या लाकडाला टांगलेला होता, हात लांबवला असता तर हाती आला असता.

बादल्या वर येत राहिल्या. बायका पाट्या नेत राहिल्या. बागेतले मजूर बघायला जमले होते आणि फळबागवाला त्यांना सांगत होता, "बघा, शिका काहीतरी. खाली माणूस आहे तोवर हा पाणीसुद्धा पिणार नाही. बापाच्या वेळेपासूनचा नियम आहे यांचा."

मजुरांनी कौतुकानं बघितलं. खांबानं छाती पुढं काढली. त्याच वेळी त्याच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. घाम गार होता. उन्हात उभा होता तरी गार होता. गुडघ्यांतलं बळ कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. विहिरीचा काठ एकदम जवळ आला आणि परत लांब गेला. भूक लागली होती, पण ही पोटातली भूक नव्हती. ती बोटांत होती, ओठांत होती. खिशात कागदात बांधलेली साखर होती. ती त्याच्या मांडीला लागत होती.

पाटी घेऊन जाताना बायकोनं त्याचं तोंड बघितलं आणि ती थांबली. तिनं डोळ्यांनी खिशाकडे खूण केली. खांबानं मान हलवली. इतके लोक, तो फळबागवाला, आणि आत्ताच तर त्यानं सांगितलं. ही एक बादली येऊ दे, मग बघू.

तेवढ्यात खालून आवाज आला, "दादा, खोऱ्याचा दांडा मोडला! मलाच वर घे!"

खांबानं फळी खाली सोडली. धाकटा बसला. खांब दांडा फिरवू लागला. एक वेढा, दुसरा वेढा. अर्ध्याहून वर आणलं. भावाच्या डोक्याचा टॉवेल दिसायला लागला होता. मग खांबाला आपले हात दिसले. दांड्यावर होते, पण ते आपले आहेत असं त्याला वाटेना. तो त्यांच्याकडे बघत राहिला. दांडा निसटला, फिरून छातीवर बसला आणि तो मागच्या मागं पडला.

रहाट उलटा फिरायला लागला. बायको किंचाळली.  डोक्यावरची पाटी धाकटीनं तशीच फेकली, पळत येऊन दांडा अडवायचा लाकडी अडसर उचलला आणि फिरत्या रहाटात खुपसला. लाकडाला लाकूड आपटलं, दोर ताठ झाला. खाली फळी झोकांडा खाऊन दगडावर आदळली आणि धाकटा ओरडला. मजुरांनी धावत येऊन त्याला वर ओढला. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. एवढ्यावर भागलं.

खांब मातीत पडून काहीतरी बडबडत होता. उठायला गेला आणि कलंडला. मजुरांतला एक म्हणाला, "प्यायलाय."

दुसरा वाकला. "वास तर येत नाही."

"हल्ली वास न येणारी पण मिळते."

बायकोनं तोंड पुसायचं निमित्त करून त्याच्या गालात साखर सरकवली. थोड्या वेळानं त्याला आवाज नीट ऐकू यायला लागले. त्यातला एक आवाज धाकट्याचा होता. वेदनेनं त्याला बोलवत नव्हतं, तरी तो बोलत होता. "माझा दादा पीत नाही. कधीच नाही. आईची शपथ घेऊन सांगतो. कुणी परत म्हणून बघा."

खांबाला आता सगळं कळत होतं. जिभेवर अजून गोडवा होता. त्याच जिभेनं त्याला बोलता आलं असतं. त्यानं डोळे मिटून घेतले.

हाड बांधून धाकटा घरी आला. संध्याकाळी दोघेच अंगणात होते. तो खांबाच्या शेजारी येऊन बसला, हात गळ्यात बांधलेला.

"दादा, खरं सांग. मी तुला काही म्हणणार नाही. प्यायला होतास?"

खांबानं त्याच्याकडे बघितलं नाही. आजारी म्हणालं तर दोर कायमचा जाणार. दारू सुटते, लोक सोडवतात, सोडलेल्याला परत कामावर घेतात. ही सुई सुटणारी नव्हती. शिवाय दारू म्हणजे पुरुषाची खोड. पोत्यांमागं शर्ट दातांत धरून पोट टोचून घेणं याला काय म्हणायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

 धाकटा म्हणाला, "मी आईची शपथ घेतली रे," आणि उठून आत गेला.

आतून, दाराआडून खांबाच्या बायकोनं हे सगळं ऐकलं. रात्री तिनं त्याला जेवायला वाढलं आणि पाठ करून बसली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायलाही नको वाटतं. फळबागवाल्यानं दुसरी टोळी लावली. ठरलेली कामं एकेक करून गेली, कुणी निरोप धाडला, कुणी तेवढंही केलं नाही. धाकटीनं रहाटाचा दोर गुंडाळून आपल्या खोलीत नेला आणि पलंगाखाली ठेवला. थोरल्या दिराला ती कधी तोंड वर करून बोललेली नव्हती. आता बोलायचं बाकीच राहिलं नाही. त्याचं ताट ती वाढायची, पण जमिनीवर ठेवताना आवाज व्हायचा.

नळावर बायका खांबाच्या बायकोला जागा करून द्यायच्या. आधी भांडायच्या, आता जागा करून द्यायच्या, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं. एकदा घागर उचलताना धाकटीनं तिला विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना, त्यांचं काय चाललंय ते?"

"होतं," ती म्हणाली.

"आणि तरी तुम्ही माझ्या नवऱ्याला खाली उतरू दिलंत."

थोरलीनं घागर उचलली आणि वाट धरली. घरी येऊन तिनं घागर खांबासमोर आदळली. "मला दारुड्याची बायको म्हणतात ते मी सोसते. पण तिनं विचारलं त्याला मी काय सांगू? तुम्ही बोलता की मी बोलू?"

"तू बोललीस तर मी घर सोडून जाईन," खांब म्हणाला.

पुन्हा तसं होईल या भीतीनं त्यानं सुईच सोडून दिली. न्हाव्यानं विचारलं, "पाहुणे काय म्हणतात?"

"पाहुण्यांनी सुई सोडली."

"शहाणे आहेत," न्हावी म्हणाला आणि त्यानं गालावर गार पाणी मारलं.

शहाण्या पाहुण्याची जीभ टाळ्याला चिकटत होती. लघवीला उठून उठून झोपेचं खोबरं झालं होतं. तळहाताची जखम परत चिडली आणि मूठ मिटेना.

एका दुपारी धाकटा बाहेरून आला. बायका शेतावर गेल्या होत्या. चांगल्या हाताखाली त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दाबून धरलं होतं. ते त्यानं खांबापुढं ठेवलं आणि फडकं सोडलं. आत दारूची बाटली होती.

"हे काय?" खांब म्हणाला.

"तुझ्यासाठी." धाकटा जमिनीकडे बघून बोलत होता. आयुष्यात कधी त्या दुकानाची पायरी न चढलेला माणूस, त्याचे कान लाल झाले होते. "तू तिथं दिसू नयेस म्हणून मीच गेलो. मला बघून सगळे गप्प झाले. एक जण म्हणाला, आता हाही. म्हणू दे. तू घरात बसून पी. सोड म्हणून मी तुझ्या मागं लागणार नाही. फक्त एक कर दादा. ज्या दिवशी घेशील त्या दिवशी मला सांग. मी खाली उतरणार नाही. दुसऱ्या कुणाच्या दोरावर मला जायचं नाही. तू नुसतं सांगत जा."

खांबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बाटलीकडे बघितलं, भावाच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग तो उठला, भावाला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला, माठ बाजूला केला आणि ओल्या वाळूत हात घातला. डबा वर काढला. झाकण उघडताना जखम ठणकली.

"माझी बाटली ही," तो म्हणाला.

धाकट्यानं ती हातात घेतली. सुया बघितल्या. "म्हणजे तू प्यायला नव्हतास."

"नाही. सुई घेतली होती आणि खाल्लं नव्हतं. तसं केलं की हातपाय जातात. सिस्टरनं सांगितलं होतं, साखर जवळ ठेवा."

"मग नव्हती का?"

खांबाला खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि खोटं तोंडाशी आलंही होतं.

"होती. खिशात होती."

 "मी खाली लटकलो होतो, आणि तुझ्या खिशात साखर होती?"

"होती."

"मग खाल्ली का नाहीस?"

"लोक बघत होते," खांब म्हणाला.

धाकट्यानं ते शब्द हळूच परत उच्चारले. "लोक बघत होते." मग त्यानं बाटली डब्यात ठेवली, डबा वाळूत ठेवला, माठ होता तसा सरकवला, आणि निघून गेला. खांब तिथंच ओल्या जमिनीवर बसला आणि मोठ्यानं रडला. घरात कुणी नाही म्हणून रडला. एवढं सगळं होऊनही त्यानं ते आधी बघून घेतलं होतं.

सकाळी धाकटी दारात उभी राहिली. पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे सरळ बघून तोंड उघडलं.

"भाऊजी, दवाखान्यात चला. मीपण येतेय. काय काय सांगितलंय ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

डॉक्टरीणबाई चिडल्या. "रहाट? विहिरीवर? मला मजुरी सांगितलं होतंत." त्यांनी डोस बदलून दिला. निम्मं जेवण बंद, ठरल्या वेळी पुरेसं जेवण, रक्त तपासत राहायचं आणि हात बरा होईस्तोवर दोराला शिवायचं नाही. त्यानंतरही एकट्यानं नाही.

"आणि खाली माणूस असताना अंग कापायला लागलं तर?" धाकटीनं विचारलं.

"काम थांबवायचं. साखर खायची, वरून काहीतरी पोटाला घालायचं. हात स्थिर झाले की मग दोर."

"त्यांच्या वडिलांचा नियम आहे, वरच्यानं खायचं नाही असा."

"वडिलांना मधुमेह होता का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर धाकटीनं जावेच्या हातातला भाताचा डाव घेतला आणि स्वतः खांबाला वाढलं. बेतानं, पण पोटभर. थोरल्या जावेला ती त्या दिवशी काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी नळावर मात्र तिच्या शेजारी घागर लावून उभी राहिली.

एकाचं हाड आणि दुसऱ्याचा तळहात, दोन्ही भरून यायला वेळ लागला. तोवर हंगाम सरत आला. काम कोण देणार हा प्रश्नच होता. शेवटी दिलं ते न्हाव्यानं. परसातली त्याची विहीर अरुंद होती आणि स्वस्तात कुणी करायला तयार नव्हतं. काम सुरू व्हायच्या आधी तो काठावर खुर्ची टाकून बसला, कारण फुकटची करमणूक तो सोडत नसे. शेजारपाजारचेही जमले. प्यायलेला खांब परत दोर धरणार, हे बघायचं होतंच.

रहाट उभा राहिला. एका दांड्याला खांब आणि दुसऱ्या दांड्याला धाकटी. धाकटा फळीवर बसला, पण उतरला नाही.

"दादा, न्याहारी."

खांबानं डबा उघडला. इतक्या लोकांसमोर, कामाच्या आधी, एकटाच खात बसला.  कुणीतरी फिसकन हसलं. धाकटी कमरेवर हात ठेवून उभी होती. "सगळं संपवा," ती म्हणाली. त्यानं सगळं संपवलं, आणि मग भावाला खाली सोडलं.

काम चांगलं चाललं. बादल्या वर आल्या, गाळाचा वास परसात पसरला. खांबाला जुनं बळ आल्यासारखं वाटलं आणि तो थोडा जास्तच जोर लावायला लागला. दुपार व्हायच्या सुमाराला एक भरलेली बादली अर्ध्यावर होती, आणि त्याच्या मानेवर तोच गार घाम उतरला.

धाकटीला दांड्यातून ते कळलं असावं, कारण तिच्या बाजूला वजन वाढलं. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, पण ती बोलली नाही. बोलायचं त्यानं होतं. न्हावी खुर्चीत पुढं झुकला होता. लोक बघत होते.

खांबानं अडसर घातला. तो नीट बसला की नाही ते धाकटीनं पायानं दाबून बघितलं. बादली दोरावर स्थिर झाली. मग खांब काठाला धरून वाकला आणि विहिरीत ओरडला, "बाजूला सरकून थांब रे! मला खायचंय!"

विहीर अरुंद होती. ते शब्द खाली गेले आणि वर येऊन सगळ्या परसात घुमले. रस्त्यानं जाणारासुद्धा थबकला.

न्हावी म्हणाला, "अहो, खाली माणूस आहे! तुमचा तो नियम..."

खांबानं खिशातला कागद सोडला आणि साखर तोंडात ओतली. काही दाढीवर सांडली. हात इतका कापत होता की बायकोनं येऊन डबा धरला. त्यानं घास चावता चावता न्हाव्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"ते पाहुणे," तो म्हणाला, "मीच आहे. इन्सुलिन मलाच आहे. त्या दिवशीपण तेच होतं. दारू नव्हती."

 न्हावी खुर्चीत मागं सरकून बसला.

खालून धाकट्याचा आवाज आला, "खाल्लंस का?"

"खातोय!"

"सावकाश खा. मी कुठं पळून चाललोय?"

कुणीतरी हसलं, पण या वेळी ते हसणं वेगळं होतं. खांब पाणी प्यायला. घाम सुकत आला. त्यानं दोन्ही हात पुढं धरले आणि बघितले. खालून परत हाक आली, "झालं का दादा? ओढतोस?"

बोटं अजून थोडी थरथरत होती. बाकी कुणाला ती दिसलीही नसती. धाकटी दांडा धरून उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"अजून नाही," खांब विहिरीत ओरडला.

"बरं," खालून भाऊ म्हणाला.